शाळेचा बाँड लोकांपुढे कसा न्यावा

शाळेच्या बाँडचा, म्हणजे मतदारांच्या मंजुरीनं घ्यायच्या कर्जाचा, प्रश्न मतदानाला येणार होता. त्याची सभा शाळेच्या लायब्ररीत होती. दुसरी-तिसरीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर चाळीसेक मोठी माणसं अवघडून बसली होती. कोपऱ्यात छत गळत होतं आणि खाली पिवळी बादली ठेवली होती. सुपरिंटेंडंट, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचे प्रमुख अधिकारी, स्लाइडमागून स्लाइड दाखवत होते. मागच्या रांगेतल्या एका आजींनी पर्समधून प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढलं, घडी उलगडली आणि विचारलं, "यात माझे किती वाढणार?" पुढे बसलेल्या पाच जणांपैकी एकालाही सांगता येईना. "सरासरी घरमालकाला..." अशी सुरुवात झाली, तेव्हा आजी म्हणाल्या, "सरासरीचं नको, हे माझं बिल आहे." त्या बादलीकडे तासाभरात कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही. तो बाँड थोड्या मतांनी पडला.

मी तेव्हा पीटीएतला, म्हणजे पालक-शिक्षक संघातला, एक पालक होतो. पुढे दुसऱ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बाँडच्या देखरेख समितीवर काही वर्षं काम केलं. त्या अनुभवातून हा लेख लिहितो आहे. फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सनीवेल, डब्लिन अशा गावांत आता शाळांच्या समित्यांवर मराठी माणसं बसतात. कुणी प्रिन्सिपल आहे, कुणी बोर्डाची ट्रस्टी, कुणी पीटीएचा खजिनदार. शाळेचा प्रश्न मतपत्रिकेवर येणार असं ठरलं की पहिला गोंधळ त्यांचाच होतो: आपण बोलायचं किती आणि गप्प बसायचं कुठे? इथे लिहिलेलं सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा आणि मतांची अटही वेगळी.

मागणी कशाची आहे, ते आधी नीट ओळखा

शाळेसाठी स्थानिक मतदारांपुढे मुख्यतः दोन गोष्टी येतात. लोक दोन्हींना "शाळेचा टॅक्स" म्हणतात, पण त्यांची जात वेगळी आहे.

बाँड म्हणजे कर्ज. डिस्ट्रिक्ट बाजारात रोखे विकतं, त्या पैशातून इमारती बांधतं किंवा दुरुस्त करतं आणि घरमालक प्रॉपर्टी टॅक्समधून ते कर्ज व्याजासकट फेडतात. हा पैसा छप्पर, वायरिंग, प्रयोगशाळा, भूकंपासाठीचं मजबुतीकरण यांवर जातो. शिक्षकांच्या पगाराला यातला एक डॉलरही वापरता येत नाही. २००० सालच्या प्रपोझिशन ३९ नुसार (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) असा बाँड ५५ टक्के मतांनी मंजूर होतो.

पार्सल टॅक्स हे कर्ज नव्हे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यामागे दरवर्षी ठरावीक रक्कम, ठरावीक वर्षांसाठी. यातून शिक्षक, ग्रंथपाल, संगीताचे वर्ग, समुपदेशक यांचा खर्च भागतो. डिस्ट्रिक्टनं मांडलेल्या पार्सल टॅक्सला दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे शंभरातल्या ६६ जणांनी होकार दिला तरी तो पडतो.

हा फरक लोकांना पहिल्या पाच मिनिटांत समजला पाहिजे. "बाँड दिला, तरी शिक्षकांना का काढता?" हा राग जवळपास प्रत्येक गावात ऐकू येतो, कारण बाँडच्या वेळी कुणी हे स्पष्ट सांगितलेलं नसतं.

मुळात मतदारांकडे का जावं लागतं, याचं उत्तर जून १९७८ मध्ये आहे. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी पुढे आणलेलं प्रपोझिशन १३ तेव्हा मंजूर झालं. प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर १ टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकलं जाईपर्यंत त्याची कागदोपत्री किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, असं ठरलं. स्थानिक शाळा बोर्डाच्या हातातला कराचा लगाम त्या दिवशी गेला. १९८८ च्या प्रपोझिशन ९८ नं राज्याच्या तिजोरीतून शाळांना किमान वाटा मिळण्याची हमी दिली, २०१३ पासून पैसे वाटण्याचं सूत्रही बदललं. पण गळक्या छताचा मोठा खर्च आला की आजही गावाच्याच दारात जावं लागतं.

वर्षभर आधी: पत्रक नको, फेरफटका हवा

बहुतेक डिस्ट्रिक्ट उलट्या क्रमानं जातात. आधी सल्लागार नेमतात, पोल घेतात, रक्कम ठरवतात आणि मग लोकांना "तुमचं मत सांगा" म्हणून बोलावतात. लोकांना ते लगेच कळतं.

निवडणुकीच्या निदान वर्षभर आधी प्रत्येक शाळेत शनिवारी सकाळी तासभर फेरफटका ठेवा. सोबत कस्टोडियनला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, घ्या. कुठला नळ बंद पडलाय, कुठल्या खोलीत हीटर लावला की दिवे जातात, पोर्टेबल वर्गाच्या जमिनीत कुठे पाय खाली जातो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. शेजारच्या गल्लीतल्या लोकांना मुद्दाम बोलवा, विशेषतः ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्यांना. त्यांना काही विकायचं नाही, फक्त दाखवायचं. जे सापडेल ते खोलीच्या नंबरासकट लिहून घ्या: "खोली १४, छप्पर, तीन हिवाळे गळतंय." पुढे जी कामांची यादी कायद्यानं द्यावी लागते, तिची सुरुवात या वहीतून झाली तर ती यादी लोकांच्या ओळखीची असते.

मग तीच वही साइट कौन्सिलपुढे (पालक आणि शिक्षकांच्या शाळा समितीपुढे), इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या समितीपुढे आणि सिनियर सेंटरमध्ये न्या. विचारायचा प्रश्न एकच: "यातलं आधी काय करावं?" लोक क्रम बदलतील, बदलू द्या. एका डिस्ट्रिक्टमध्ये यादीत सगळ्यात वर नवं स्टेडियम होतं. सिनियर सेंटरमधल्या आजोबांनी विचारलं, "मुलांना रोज लागतं ते बाथरूम की स्टेडियम?" बोर्डानं क्रम फिरवला आणि तसं सभेच्या इतिवृत्तात (मिनिट्समध्ये) लिहिलं. आपलं ऐकलं गेलं हे त्या माणसाला कागदावर दिसलं. माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं.

पोल घ्यायला हरकत नाही. गावाला असा बाँड हवा आहे का, किती रक्कम झेपेल, हे जाणून घेण्यासाठी डिस्ट्रिक्ट आपला पैसा खर्च करू शकतं. पण कुठलं वाक्य टाकलं की मतं वाढतील याचा अभ्यास म्हणजे प्रचाराची तयारी, आणि तिथे सार्वजनिक पैसा चालत नाही. सल्लागाराच्या करारात हे दोन भाग मिसळलेले दिसले तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

बिलाचं गणित: इथे घाई करू नका

त्या आजींचा प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे.

बाँडचा दर दर एक लाख डॉलरमागे सांगतात. पण ही एक लाखाची मोजणी कागदोपत्री किमतीवर होते, जिला बिलावर असेस्ड व्हॅल्यू म्हणतात. आजच्या बाजारभावाशी ती जुळेलच असं नाही. हाच मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही, आणि शाळेच्या पत्रकांत तो तळाशी बारीक अक्षरांत असतो.

समजा दर लाखाला ४५ डॉलर आहे. एका गल्लीत दोन सारखी घरं आहेत. पहिलं १९८२ मध्ये १,३०,००० डॉलरना घेतलेलं. वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ धरली तरी आज त्याची कागदोपत्री किंमत साधारण ३ लाख होते. त्या घराला वर्षाला १३५ डॉलर पडतील. दुसरं घर मागच्या वर्षी १८ लाखांना घेतलं. त्याला ८१० डॉलर. भिंतीला भिंत लागून, सहापट फरक.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही उघड बोलायला हवेत. निवृत्त शेजाऱ्याला वाटतं, घराची किंमत वीस लाख झाली म्हणजे आपल्यावर हजारभर डॉलर येणार; प्रत्यक्षात त्याचा बोजा बराच कमी असतो. उलट नव्यानं घर घेतलेल्या जोडप्याला, आणि आपली बरीच मराठी कुटुंबं यात येतात, सगळ्यात जास्त भरावं लागतं. त्यांना "कॉफीच्या एका कपाइतका खर्च" असं सांगणं खोटं ठरेल. ८१० डॉलर म्हणजे महिन्याला ६७ डॉलर ५० सेंट. तो आकडा तसाच सांगा.

सभेत एक टेबल फक्त बिलासाठी ठेवा. लोकांना आपलं बिल आणायला सांगा, आणि नसेल तर काउंटीच्या वेबसाइटवर काढून द्या. टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन असा माणूस बसवा ज्याला बिल वाचता येतं: वरचा १ टक्का कुठला, त्याखाली मतदारांनी आधी मंजूर केलेल्या बाँडांच्या ओळी कुठल्या, आणि खाली ठरावीक रकमांमध्ये पार्सल टॅक्स कुठला. जुने बाँड कधी फिटणार हेही तोच सांगेल. "तुमच्या बिलावरची ही ओळ अमुक वर्षी संपते" हे वाक्य पुष्कळांना नवं असतं.

एक योगायोग लक्षात ठेवा. वर्षाचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल ऑक्टोबरमध्ये घरी येतं, पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत भरायचा असतो, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिकाही त्याच ऑक्टोबरात टपालानं येते. लोक दोन्ही लिफाफे एकाच टेबलावर फोडतात. म्हणून हिशेबाचं टेबल सप्टेंबरमध्ये लागलं पाहिजे.

ज्येष्ठांना आणखी एक गोष्ट नेमकी सांगा. पार्सल टॅक्समध्ये बहुतेक ठिकाणी ६५ वर्षांवरच्यांना सूट असते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाचा कागद सभेत हातात द्या. बाँडमध्ये अशी सूट नसते. मर्यादित उत्पन्नाच्या ६२ वर्षांवरच्या घरमालकांसाठी राज्याच्या कंट्रोलरची कर पुढे ढकलण्याची योजना आहे, तिची माहितीही जवळ ठेवा.

आणि व्याज लपवू नका. मतदारांच्या पुस्तिकेत कराच्या दराचं निवेदन छापावं लागतं. त्यात मुद्दल आणि व्याज धरून एकूण परतफेडीचा अंदाज असतो. तो आकडा स्वतःहून, पहिल्या स्लाइडवर सांगा. सॅन दिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टनं २०११ मध्ये सुमारे साडेदहा कोटी डॉलरचे रोखे असे काढले की परतफेड जवळपास ९८ कोटींवर गेली, कारण पहिली अनेक वर्षं काहीच फेडायचं नव्हतं. पुढे २०१३ मध्ये राज्यानं अशा रोख्यांवर २५ वर्षांची आणि चौपट परतफेडीची मर्यादा घातली. कुणी ना कुणी पोवेचं नाव काढेलच. तेव्हा गडबडून न जाता आपले रोखे कुठल्या प्रकारचे आहेत हे सांगता आलं पाहिजे.

कायद्याची रेघ

शाळेच्या लोकांची सगळ्यात मोठी भीती इथे असते. ती भीती योग्य आहे, पण तिच्यामुळे तोंड शिवून बसणं योग्य नाही.

१९७४ मध्ये राज्याच्या उद्यान विभागानं पार्कच्या बाँडसाठी सरकारी पैशातून प्रचार केला. एका करदात्यानं दावा लावला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टॅन्सन विरुद्ध मॉट या खटल्यात तत्त्व घालून दिलं: सार्वजनिक पैसा एका बाजूच्या प्रचाराला वापरता येणार नाही, पण लोकांना वस्तुस्थिती निष्पक्षपणे सांगायला वापरता येईल. एखादा कागद माहिती आहे की प्रचार, हे ठरवताना त्याची शैली, सूर आणि वेळ पाहायची. २००९ मध्ये सलिनास शहराच्या खटल्यात न्यायालयानं हेच पुन्हा स्पष्ट केलं. शाळांसाठी एज्युकेशन कोडचं कलम ७०५४ आहे: डिस्ट्रिक्टचा पैसा, सेवा, सामान, उपकरणं यांतलं काहीही कुणाला "हो" किंवा "नाही" म्हणायला लावण्यासाठी वापरायचं नाही. मोडलं तर तो फौजदारी गुन्हा आहे.

व्यवहारात हे असं दिसतं.

"खोली १४ चं छप्पर १९६२ चं आहे. दुरुस्तीचा अंदाज इतका. बाँड मंजूर झाला तर हे काम पहिल्या टप्प्यात आहे. मंजूर झाला नाही तर छप्पराचं ठिगळ दरवर्षी चालू खर्चातून लावावं लागेल." हे चालतं. "आपल्या मुलांना सुरक्षित छप्पर मिळवून देऊया" हे चालत नाही, जरी त्यात "मत द्या" असे शब्द नसले तरी. सूर म्हणतात तो हाच. रडवेल्या मुलाचा फोटो, मतदानाच्या आठवड्यात अचानक आलेलं चकचकीत पत्रक, कधीच वार्तापत्र न काढणाऱ्या डिस्ट्रिक्टचं पहिलंच वार्तापत्र: या सगळ्यावर बोट ठेवता येतं.

शाळेचा ईमेल, पालकांची यादी, ऑफिसचा प्रिंटर, मुलांच्या दप्तरातून घरी जाणारा कागद, कामाचे तास: प्रचारासाठी सगळं वर्ज्य. शिक्षकांच्या टपालखणांतूनही युनियननं शिफारशीची पत्रकं टाकायची नाहीत, असा निकाल २००९ मध्ये सॅन लिआंड्रोच्या खटल्यात लागला. स्टाफरूममधल्या लाकडी खणांपर्यंत ही रेघ जाते, हे लक्षात घ्या.

आता काय करता येतं ते. बोर्ड उघड सभेत ठराव करून मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला पाठिंबा देऊ शकतं. एखाद्या नागरिक गटानं बोलावलं, तर प्रिन्सिपल किंवा सुपरिंटेंडंट तिथे जाऊन बोर्डानं हा प्रश्न का मांडला ते सांगू शकतात, प्रश्नांना उत्तरं देऊ शकतात. आणि नोकरीचे तास संपल्यावर, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशानं, शिक्षक असो की सुपरिंटेंडंट, तो एक नागरिक असतो. शनिवारी दारोदार जायचं असेल तर जरूर जावं. फक्त शाळेचा टी-शर्ट घरी ठेवावा.

म्हणून सुरुवातीलाच दोन वेगळ्या वह्या करा. एक डिस्ट्रिक्टची: माहिती, हिशेब, सभा. दुसरी स्वतंत्र प्रचार समितीची: तिचा पैसा, तिचा खजिनदार, तिची नोंदणी वेगळी. दोन्हींकडे एकच माणूस धावपळ करताना दिसला की संशय येतो, मग त्यानं काही चुकीचं केलेलं असो वा नसो. छापला जाणारा प्रत्येक कागद आधी डिस्ट्रिक्टच्या वकिलाला दाखवा आणि वेळ धरून दाखवा, आदल्या रात्री नव्हे.

मला ही रेघ जाच वाटत नाही. त्या लायब्ररीत लोकांना आर्जव नको होतं, त्यांना आकडा हवा होता. कायदा शाळेला नेमकं तेच करायला लावतो.

तारखा आणि पंचाहत्तर शब्द

मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला ७५ शब्दांची मर्यादा असते. पुष्कळ मतदार तेवढेच शब्द वाचतात. ते बोर्डातल्या कुणाच्या तरी वडिलांना वाचायला द्या. त्यांना एकदा वाचून कळलं नाही तर पुन्हा लिहा.

बोर्डाचा ठराव निवडणुकीच्या ८८ दिवस आधी काउंटीकडे पोचला पाहिजे. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी ती तारीख ७ ऑगस्ट येते. ५५ टक्क्यांच्या बाँडसाठी बोर्डाचेही दोन-तृतीयांश सदस्य बाजूनं लागतात, म्हणजे पाचांपैकी चार. पाचवा सदस्य विरोधात असेल तर त्याचे आक्षेप आधी ऐकून घ्या, गावात तेच प्रश्न येणार असतात. त्यानंतर पुस्तिकेसाठी बाजूचं आणि विरोधी निवेदन, ३०० शब्दांचं, आणि काउंटीच्या वकिलाचं निष्पक्ष विश्लेषण. मतपत्रिका २९ दिवस आधी टपालात पडायला लागतात. म्हणजे "निवडणूक नोव्हेंबरमध्ये" असं मनात धरून चाललात तर महिनाभर उशीर झाला.

नावाकडेही पाहा. मार्च २०२० मध्ये राज्याचा १५ अब्ज डॉलरचा शाळा-बाँड पडला. त्याला क्रमांक मिळाला होता १३. जुन्या प्रपोझिशन १३ ला हात लावताहेत असा पुष्कळांचा समज झाला, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन २ या नावानं १० अब्जांचा बाँड आला आणि मंजूर झाला. लोक विचारतील, "राज्यानं दहा अब्ज दिले ना, मग आमच्याकडे कशाला?" उत्तर असं की राज्याचा पैसा जोडीला येतो. आपला स्थानिक हिस्सा दाखवल्याशिवाय साधारणपणे तो हाती पडत नाही.

आपली माणसं: मत नाही, पण घर आहे

एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेले कितीतरी पालक घराचा पूर्ण टॅक्स भरतात आणि त्यांना या मतदानात भाग घेता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या ठरावानं नागरिक नसलेल्या पालकांना मत मिळालं, पण ते फक्त शाळा बोर्डाच्या निवडणुकीत, बाँडवर नाही. म्हणून हे पालक सभेला येत नाहीत, आणि आले तरी "आमचा काय संबंध" म्हणून मागे उभे राहतात.

त्यांचा संबंध पुरेपूर आहे. फेरफटक्याला यायला, यादीवर मत द्यायला, बिलाच्या टेबलावर बसायला नागरिकत्व लागत नाही. आपल्यात आकड्यांची भीती नसलेली माणसं भरपूर आहेत. मी पाहिलेल्या टेबलावर सगळ्यात चांगला हिशेब सांगणाऱ्या ताई व्हिसावर होत्या. शेजारच्या गल्लीतले एक मराठी आजोबा, मुलाकडे राहायला येऊन पुढे नागरिक झालेले, त्यांच्यापुढे बसले.

"माझी नातवंडं तर कॉलेजात गेली. मी कशाला भरू?"

"काका, भरा की नको हे मी सांगणार नाही, तो तुमचा निर्णय. तुमच्या घराला किती पडतील तेवढं काढून देते."

ताईंनी काढून दिलं. आजोबांनी आकडा खिशातल्या डायरीत लिहिला आणि मग स्वतःच विचारलं, "आणि हे पैसे खर्च कसे झाले ते कोण बघणार?" तो प्रश्न विचारला गेला की सभा कामी आली समजावं.

एक सावधगिरी. प्रचार समितीला पैसे देण्याचे नियम नागरिक नसलेल्यांसाठी वेगळे असतात. समितीच्या खजिनदाराला आणि वकिलाला विचारल्याशिवाय चेक लिहू नका, कुणाला लिहायला सांगू नका.

महाराष्ट्र मंडळ, ढोल-ताशा पथक, रविवारची मराठी शाळा: या ठिकाणी बोलावणं आलं तर जा आणि मराठीतच बोला. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागणाऱ्याला आधी विचारतात, "मागच्या वर्षीचा जमाखर्च कुठाय?" त्याच सवयीनं लोक इथे ऐकतात. मागचा बाँड झाला असेल तर त्याचा जमाखर्च आधी मांडा, नव्याचं नंतर.

येणारे प्रश्न

"लॉटरीचे पैसे कुठे जातात?" हा प्रश्न येणारच. १९८४ मध्ये मतदारांनी लॉटरी मंजूर केली तेव्हा शाळांचं भलं होईल असं सांगितलं गेलं. शाळांना तो पैसा मिळतो, पण एकूण खर्चाच्या मानानं तो साधारण एक टक्का असतो. तुमच्या डिस्ट्रिक्टचा आकडा बजेटमध्ये पाहून ठेवा.

"शाळेचं बांधकाम इतकं महाग का?" १० मार्च १९३३ ला संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला आणि शाळांच्या कितीतरी इमारती कोसळल्या. शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. महिनाभरात फील्ड ॲक्ट आला. तेव्हापासून सरकारी शाळेचे आराखडे राज्याच्या वास्तुविशारद विभागाकडून तपासले जातात आणि बांधकामावर निरीक्षक असतो. घराच्या कामापेक्षा हे महाग पडतं, आणि ते तसं का आहे हे ऐकल्यावर माणसं शांत होतात.

"मुलं कमी होताहेत, मग पैसे कशाला?" हा सगळ्यात कठीण, आणि सगळ्यात रास्त. क्युपर्टिनोसारख्या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टलाही पटसंख्या घटल्यामुळे २०२२ मध्ये शाळा बंद कराव्या लागल्या. इथे उडवाउडवी केलीत तर बाकीचं सगळं बोलणं वाया जातं. कुठल्या शाळा पुढची वीस वर्षं चालणार आणि म्हणून कुठल्या इमारतीवर खर्च करणार, हे ठरवल्याशिवाय बाँड मांडूच नये असं माझं ठाम मत आहे. ज्या शाळेवर दोन कोटी घातले ती पाच वर्षांत बंद झाली, तर पुढची एक पिढी त्या डिस्ट्रिक्टवर विश्वास ठेवत नाही.

ज्याचं उत्तर येत नाही, ते लिहून घ्या, विचारणाऱ्याचा फोन घ्या आणि तीन दिवसांत कळवा. सभेत ठोकून दिलेला चुकीचा आकडा गावभर फिरतो.

मोजणीनंतर

निवडणुकीच्या रात्री काही जाहीर करू नका. टपालाच्या मतपत्रिकांची मोजणी काही आठवडे चालते आणि ५५ टक्क्यांच्या काठावरचा निकाल इकडचा तिकडे होऊ शकतो.

पडला, तर महिनाभरात पुन्हा सभा घ्या, त्याच लायब्ररीत. का पडला ते विचारा आणि ऐका. मंजूर झाला, तर खरं काम आता सुरू होतं. प्रपोझिशन ३९ च्या बाँडसाठी निदान सात जणांची नागरिक देखरेख समिती नेमावी लागते: एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठांच्या संघटनेतला, एक करदात्यांच्या संघटनेतला, एक पालक, एक पीटीएत काम करणारा पालक, आणि आणखी दोघं. डिस्ट्रिक्टचा नोकर, पुरवठादार, कंत्राटदार यांना तिथे जागा नाही. दरवर्षी दोन ऑडिट होतात, एक पैशांचं आणि एक कामांचं.

करदात्यांच्या संघटनेची खुर्ची रिकामी ठेवायचा मोह होतो, कारण तिथे बाँडच्या विरोधात बोललेला माणूस येऊ शकतो. त्यालाच बोलवा. आमच्या समितीवरचे असे एक गृहस्थ प्रत्येक बैठकीला पिवळी मार्कर पेन घेऊन येत आणि बिलांच्या यादीतल्या ओळी रंगवत. एकदा त्यांना फर्निचरच्या खात्यात एका कॉपियरची दुरुस्ती सापडली. ती चालू खर्चातली होती, बाँडमधून गेली होती. डिस्ट्रिक्टनं पैसे परत वळते केले आणि ते पुढच्या अहवालात पहिल्या पानावर छापलं.

अहवाल चार पानांचा ठेवा. पहिला स्तंभ फेरफटक्याच्या वहीतला: खोलीचा नंबर आणि काय बिघडलं होतं. दुसरा, अंदाज किती. तिसरा, लागले किती. चौथा, काम कधी संपलं. पैसा टप्प्याटप्प्यानं येतो, आराखड्यांच्या तपासणीत महिने जातात, त्यामुळे पहिल्या वर्षी चौथा स्तंभ बहुतेक रिकामाच दिसेल. तो तसाच छापा, प्रत्येक ओळीपुढे अपेक्षित तारीख घाला, आणि एक प्रत सिनियर सेंटरच्या सूचनाफलकावर स्वतः जाऊन लावून या.